ज्यांचं काही देणं-घेणं नाही असे संघ

एप्रिल संपत आला की फुटबॉलच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "त्यांचं आता काही देणं-घेणं नाही, तीन पॉइंट आपलेच!" म्हणजे समोरच्या संघाला आता काही मिळवायचं नाही की गमवायचं नाही, तेव्हा तो सहज हरणार. मी एव्हर्टनची, त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच आलंय. एव्हर्टन 1954 पासून इंग्लंडच्या सर्वांत वरच्या डिव्हिजनमधून एकदाही खाली गेलेला नाही. मिरवायला बरं वाटतं, पण ते टिकवताना आमची नखं संपली.

प्रीमियर लीगचा हिशेब साधा आहे. 20 संघ, प्रत्येकी 38 सामने, तळाचे तीन खालच्या डिव्हिजनमध्ये. पण शेवटचे चार-पाच सामने उरले की तळाच्या संघांचे चाहते स्वतःच्या टीमबद्दल बोलायचं जवळजवळ सोडूनच देतात. स्वतःच्या टीमबद्दल बोलण्यासारखं काही नसतंच म्हणा. मग फिक्स्चरची यादी समोर घेऊन बसायचं आणि समोरच्यांची मनं वाचायची. हा संघ अकरावा, हे सुटीवर गेले. ह्यांची युरोपियन फायनल आहे, हे पोरं खेळवणार. हे आधीच खाली गेलेत, ह्यांच्यात जीव नाही. ह्यांना चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेची, दारं उघडणारी चौथी जागा हवीय, म्हणजे इथे मार खाणार. बघता बघता कागदावर सात पॉइंट जमतात आणि आपण वाचतो. माझा आतेभाऊ लिव्हरपूलवाला. तो हे सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "ताई, एवढं सगळं जुळून यायचं असतं तर तुम्ही सतरावे कशाला असता?"

त्याचा टोमणा जाऊ दे. माझा मुद्दा वेगळा आहे. एखाद्या संघाला किती गरज आहे हे टेबल सांगतं. मैदानावरच्या अकरा माणसांना त्या दुपारी काय हवंय, हे टेबलाला माहीतच नसतं. या दोन गोष्टी एकच समजून आपण दरवर्षी भविष्य वर्तवायला बसतो.

पुरावा हवा असेल तर 15 मे 2005 घ्या. त्या दिवशी सकाळी चार संघ धोक्यात होते आणि चौघांत मिळून दोन पॉइंटांचं अंतर होतं. नॉर्विच 33, साउथहॅम्प्टन आणि क्रिस्टल पॅलेस 32, वेस्ट ब्रॉम 31. एकच वाचणार होता. आणि गंमत म्हणजे चौघांच्याही समोर असे संघ होते ज्यांना त्या सामन्यातून काहीच मिळवायचं नव्हतं. नॉर्विचसमोर फुलहॅम, पॅलेससमोर चार्लटन, दोघंही मधल्या फळीत. वेस्ट ब्रॉमकडे पोर्ट्समथ आलेला, आधीच वाचलेला. साउथहॅम्प्टनकडे मँचेस्टर युनायटेड. त्यांची तिसरी जागा पक्की झालेली आणि सहा दिवसांवर एफए कपची फायनल. देणं-घेणं नसलेल्या संघांचं असं प्रदर्शन पुन्हा कधी भरलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या पद्धतीने हिशेब केला तर चौघंही जिंकायला हवे होते. झालं काय? नॉर्विच फुलहॅमकडे 6-0 हरला. सहा! त्या दिवशी तीन पॉइंट मिळाले असते तर तो वाचला असता. दुसऱ्या कोणाच्या निकालाकडे बघायचीही गरज नव्हती. युनायटेडने साउथहॅम्प्टनमध्ये जाऊन आधी गोल खाल्ला, मग फ्लेचर आणि व्हॅन निस्टलरॉयच्या गोलांनी 2-1 असं जिंकून यजमानांची वरच्या डिव्हिजनमधली सलग 27 वर्षं संपवली. पॅलेस चार्लटनमध्ये 2-1 ने पुढे होता, म्हणजे वाचलेला होता, आणि 82व्या मिनिटाला जॉनथन फॉर्च्यूनने हेडर मारून बरोबरी केली. चार्लटनला त्या एका पॉइंटाचा काय उपयोग होता? काही नाही. पण चार्लटन आणि पॅलेस दोघंही दक्षिण लंडनचे. शेजाऱ्याला दारातून खाली ढकलण्याची संधी दरवर्षी येत नाही.

जिंकला तो फक्त वेस्ट ब्रॉम. हॉर्सफील्ड आणि रिचर्डसनच्या गोलांनी 2-0. नाताळला तळाशी असलेला संघ प्रीमियर लीगमध्ये वाचण्याची ती पहिली वेळ. मैदान भरून लोक आत आले, मॅनेजर ब्रायन रॉबसनला खांद्यावर घ्यायचं बाकी राहिलं. पण त्या दिवसातली मला सर्वांत आवडती माणसं वेगळीच आहेत: पाहुण्यांच्या स्टँडमधले पोर्ट्समथचे चाहते. त्यांचा संघ हरत होता आणि ते वेस्ट ब्रॉमच्या नावाने ओरडत होते. कारण वेस्ट ब्रॉम वाचला की त्यांच्या कट्टर शत्रूचं, साउथहॅम्प्टनचं, काही खरं नाही. शिवाय साउथहॅम्प्टनच्या बाकावर मॅनेजर हॅरी रेडनॅप बसलेला. तो त्याच हंगामात पोर्ट्समथ सोडून थोड्याच दिवसांत थेट शत्रूच्या घरी गेला होता. त्याआधी एप्रिलमध्ये याच पोर्ट्समथने साउथहॅम्प्टनला 4-1 धुतलं होतं.

पोर्ट्समथच्या खेळाडूंनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधारही नाही. मी स्टँडबद्दल बोलतेय. एकच संघ, तीनच आठवड्यांचं अंतर, टेबलातली जवळपास तीच जागा. साउथहॅम्प्टनसमोर पेटलेला आणि वेस्ट ब्रॉमसमोर आपल्याच लोकांच्या टाळ्यांत हरलेला. हे कुठल्या टेबलात दिसणार?

आता आमच्या घरचं सांगते. आमच्या तेव्हाच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, एव्हर्टन अगदी कड्यावर उभा होता त्यातल्या दोन वेळा घ्या, 1994 आणि 2022. दोन्ही वेळा समोर काहीही गरज नसलेला संघ होता. आणि दोन्ही वेळा तो संघ आमच्याच मैदानावर 2-0 ने पुढे गेला.

7 मे 1994 ला विम्बल्डन आला होता. सहाव्या क्रमांकावरचा, छान फॉर्ममधला, पण त्या दिवशी हरला काय नि जिंकला काय, फरक शून्य. वीस-एक मिनिटांत एक पेनल्टी आणि एक स्वयंगोल, 0-2. मग ग्रॅहम स्टुअर्टने पेनल्टी मारली, बॅरी हॉर्नने लांबून तो गोल केला जो एव्हर्टनच्या लोकांना झोपेतही दिसतो, आणि 81व्या मिनिटाला पुन्हा स्टुअर्ट. 3-2. हा सामना मी जुन्या चित्रफितीवर पाहिलाय. शेवट ठाऊक असूनही हॉर्नचा शॉट आत जाईपर्यंत श्वास सोडवत नाही.

19 मे 2022 चा मात्र थेट पाहिला. पॅट्रिक व्हिएराचा क्रिस्टल पॅलेस, मधल्या फळीतला. आमच्याकडे बसलेल्या प्रत्येकाने सामन्याआधी ते वाक्य म्हणून घेतलं होतं. मध्यंतराला माटेटा आणि जॉर्डन आयूच्या गोलांनी 0-2. पॅलेसची पोरं इतकी मजेत खेळत होती की राग येत होता. नंतर कीन, रिशार्लिसन, आणि 85व्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुईनचा झेपावलेला हेडर. वाचलो. पण मला आठवतो तो पहिला अर्धा तास. आमच्या खेळाडूंचे पास थरथरत होते आणि त्यांचे पायाला चिकटल्यासारखे जात होते. पाहुणा म्हणून पत्त्यांच्या डावात बसलेला माणूस बिनधास्त पानं टाकतो आणि नेमका तोच जिंकतो, तशातला प्रकार. मैदानावरच्या भीतीचा सगळा साठा आमच्याकडे होता.

पुढची गंमत तर अजून बोलकी आहे. तीनच दिवसांनी शेवटच्या सामन्यात आम्ही आर्सेनलकडे गेलो, आता आम्हीच देणं-घेणं नसलेले. आर्सेनलला चॅम्पियन्स लीगसाठी जिंकायचं होतं आणि शिवाय तळाच्या नॉर्विचने स्पर्सला, म्हणजे टॉटनहॅमला, हरवावं अशी प्रार्थना करायची होती. आम्ही 5-1 हरलो. नॉर्विच 0-5 हरला. म्हणजे एकाच आठवड्यात पॅलेसने वाक्य खोटं ठरवलं आणि आम्ही ते खरं करून दाखवलं. यातून नियम काढायला बसलात तर शुभेच्छा.

मधल्या फळीतल्या संघाला काही मिळवायचं नसतं, हेही अर्धवटच खरं आहे. प्रीमियर लीगमध्ये टेबलातली प्रत्येक जागा पैशाची असते. एक जागा वर-खाली म्हणजे वीस-तीस लाख पौंडांचा फरक. क्लबच्या हिशेबनिसाला बारावा आणि पंधरावा यातला फरक चांगलाच कळतो. खेळाडूला तो तितका कळत नाही, पण त्याला दुसरं कळतं: करार संपत आलाय, नवा मॅनेजर बघतोय, उन्हाळ्यात मोठी स्पर्धा आहे आणि राष्ट्रीय संघाची यादी अजून जाहीर व्हायचीय. एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात घेतलं असेल तर त्याच्यासाठी तो सामना म्हणजे सगळं आयुष्य. "डेड रबर", म्हणजे निकालाने काही फरक न पडणारा सामना, हे शब्द सोफ्यावर बसलेल्यांचे. तो पोरगा ते शब्द वापरत नाही.

याचं सर्वांत छान उदाहरण 24 मे 2009 चं. हल सिटी धोक्यात, समोर मँचेस्टर युनायटेड. युनायटेड आधीच विजेता, आणि तीन दिवसांनी रोममध्ये बार्सिलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. मॅनेजर फर्ग्युसनने वेलबेक, माकेडा, गिब्सन अशी तरुण फळी उतरवली. हलसारखेच धोक्यात असलेले न्यूकॅसलवाले संतापले की हे हलला आयतं दान आहे. दान कसलं! गिब्सनने 24व्या मिनिटाला लांबून बॉल जाळ्यात मारला आणि हल 0-1 हरला. तरीही हल वाचला, कारण न्यूकॅसलने स्वतः ॲस्टन व्हिलाकडे स्वयंगोल खाऊन 1-0 असा सामना घालवला. हलचे 35 पॉइंट, न्यूकॅसलचे 34. ज्या "कमकुवत" संघाबद्दल तक्रार होती त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

मात्र तक्रार नेहमीच पोकळ असते असंही नाही. 2007 चा मे महिना शेफील्ड युनायटेडचे लोक अजून विसरलेले नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. 5 मे ला लिव्हरपूल फुलहॅमकडे गेला. अथेन्सची चॅम्पियन्स लीग फायनल 23 तारखेला, म्हणजे तब्बल 18 दिवस दूर. तरी लिव्हरपूलचा मॅनेजर बेनितेझने मुख्य खेळाडूंपैकी बहुतेकांना बसवलं. क्लिंट डेम्प्सीच्या गोलवर फुलहॅम 1-0 जिंकला. हंगाम संपला तेव्हा फुलहॅमचे 39, शेफील्ड युनायटेडचे 38. तो सामना नुसता ड्रॉ झाला असता तरी फुलहॅम 37 वर राहून खाली गेला असता. आतेभाऊ यावर नेहमी गप्प बसतो. बसायलाच हवं.

शेवटच्या दिवशी, 13 मे ला, दुसरं. वेस्ट हॅम मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर. मँचेस्टर युनायटेड आधीच विजेते, पुढच्या आठवड्यात एफए कपची फायनल, काही मोठी नावं बाकावर. तेव्हेझने गोल केला, वेस्ट हॅम 1-0 जिंकून वाचला. याच तेव्हेझच्या कराराच्या भानगडीवरून वेस्ट हॅमला 55 लाख पौंडांचा दंड झाला होता, पण पॉइंट कापले नव्हते. शेफील्डच्या जखमेवरचं मीठ ते हेच. पण थांबा. शेफील्ड युनायटेडला त्या दिवशी स्वतःच्या मैदानावर विगनशी नुसता ड्रॉ पुरेसा होता. ते 2-1 हरले, आणि विजयी पेनल्टी मारली डेव्हिड अन्सवर्थने, जो त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत शेफील्ड युनायटेडमध्ये होता. अन्सवर्थ मूळचा आमचा, एव्हर्टनचा, त्यामुळे मला त्या पेनल्टीचं कौतुक वाटतं हे लपवत नाही. जो क्लब सोडून आलोय त्याच्याविरुद्ध पेनल्टी मारताना माणसाला कुठल्या बोनसची गरज असते?

संघ कमकुवत उतरवण्यावर लीगने शिक्षाही करून पाहिल्या. डिसेंबर 2009 मध्ये वुल्व्हजने ओल्ड ट्रॅफर्डवर मैदानी दहाच्या दहा खेळाडू बदलले, त्यांना 25,000 पौंडांचा स्थगित दंड. पुढच्या हंगामात ब्लॅकपूलने व्हिलाविरुद्ध दहा बदल केले, त्यांना 25,000 भरावे लागले. मला हे कधीच पटलं नाही. तळाशी झगडणाऱ्या क्लबने आपली ताकद कुठे वापरायची हे त्यांना ठरवू द्या की. फायनल असलेल्या बड्या क्लबनी हेच केलं की त्याला "रोटेशन" म्हणायचं आणि वुल्व्हजनी केलं की दंड!

बरं, फायनल आहे म्हणजे पाय आखडता घेणार, हेही पक्कं नाही. 1998 च्या शेवटच्या दिवशी बोल्टन चेल्सीकडे गेला होता. तीन दिवसांनी स्टॉकहोमला चेल्सीची कप विनर्स कपची फायनल. बोल्टनच्या लोकांनी काय काय स्वप्नं पाहिली असतील! चेल्सी 2-0 जिंकला. आम्ही कोव्हेंट्रीशी 1-1 ड्रॉ केला, दोघांचे 40-40 पॉइंट झाले आणि गोल डिफरन्सवर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल या हिशेबावर, बोल्टन खाली, आम्ही वर. त्याच मोसमात सप्टेंबरमध्ये आमच्याचविरुद्ध बोल्टनच्या टॅगर्टचा एक हेडर रेषेच्या आत गेला होता आणि पंचांनी गोल दिला नव्हता. सामना 0-0 सुटला. 40 पॉइंट झाले की वाचलो असं सांगणाऱ्यांनी एकदा बोल्टनच्या माणसाशी बोलावं. किंवा वेस्ट हॅमच्या. ते 2003 मध्ये 42 पॉइंट घेऊन खाली गेले.

उलटी बाजूही बघा. गरज असलेला संघ जीव तोडून खेळतो, हाही एक समजच. मे 2023 मध्ये ब्रायटनला युरोपात जायचं होतं, ते देखणं फुटबॉल खेळत होते आणि त्यांच्या घरी आम्ही गेलो होतो. आमच्या यादीत त्या सामन्यापुढे सर्वांनी शून्य लिहिलं होतं. डुकुरेने पहिल्याच मिनिटात गोल केला आणि आम्ही 5-1 जिंकलो. ब्रायटनला काय कमी गरज होती? मग पुढच्या सामन्यात मँचेस्टर सिटीकडून घरी 0-3. त्यानंतर वुल्व्हज, आधीच वाचलेले, आणि त्यांच्याशी आम्हाला 99व्या मिनिटाला येरी मिनाने गोल करून कशीबशी बरोबरी मिळवून दिली.

त्या वर्षीचा शेवटचा दिवस माझ्या एका लीड्सच्या मैत्रिणीसोबत पाहिला. शहाणपणाचा निर्णय नव्हता, पण दोघींनाही एकटं बसवत नव्हतं. आमचे 33, लेस्टर आणि लीड्सचे 31. आमच्यासमोर बोर्नमथ, आरामात वाचलेला. लेस्टरसमोर वेस्ट हॅम, ज्यांची पुढच्या महिन्यात प्रागला फायनल. लीड्सकडे स्पर्स, त्यांना युरोपची अंधुक आशा. "तुमचं सोपं आहे," ती मला म्हणाली. दुसऱ्याच मिनिटाला केनने लीड्सवर गोल केला आणि ती पुढे काही बोललीच नाही. 34व्या मिनिटाला लेस्टरच्या बार्न्सने गोल केला आणि लाइव्ह टेबलात आम्ही खाली गेलो, कारण आमचा सामना बरोबरीत सुटून दोघांचे पॉइंट सारखे झाले असते तर लेस्टरचा गोल डिफरन्स चांगला होता. आता आम्हाला गोल हवाच होता. आणि बोर्नमथ, ज्याचं काही देणं-घेणं नव्हतं, तो शांतपणे, व्यवस्थित बचाव करत होता. मला वाटलं, का रे बाबांनो? कुणासाठी?

57व्या मिनिटाला डुकुरेने बॉक्सच्या कडेवरून मारला. 1-0. त्यानंतरची मिनिटं आणि वरचा दहा मिनिटांचा जादा वेळ मी पडद्याकडे बघत होते असं म्हणता येणार नाही. लेस्टर जिंकूनही गेला, 34 पॉइंटांवर. सात वर्षांपूर्वीचे विजेते. मैत्रिणीने जाताना मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता फोन करू नकोस, आठवडाभर तरी."

प्रेरणेच्या या सगळ्या गप्पांमध्ये सर्वांत भरवशाची प्रेरणा मला विचाराल तर द्वेष. पैशापेक्षा खात्रीची. 2 मे 2016 ला चेल्सी नववा होता, हंगाम वाया गेलेला. स्पर्सला विजेतेपदाची आशा जिवंत ठेवायला तिथे जिंकायचं होतं. चेल्सीच्या आझारला त्या वर्षी लीगमधला पहिला गोल करायला एप्रिल उजाडला होता, पण सामन्याआधी तो उघड म्हणाला की स्पर्स विजेता झालेला आम्हाला नकोय. मध्यंतराला स्पर्स 2-0 पुढे. मग केहिल, आणि 83व्या मिनिटाला आझारचा तो वळवलेला गोल. 2-2. स्पर्सच्या नऊ खेळाडूंना पिवळी कार्डं आणि लेस्टर विजेता. नवव्या क्रमांकावरचा संघ असा खेळला की जणू चषक त्यालाच मिळणार होता.

पण द्वेषही सर्वांना सारखा झेपत नाही. एप्रिल 1974, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड खाली जाण्याच्या बेतात, समोर सिटी, आणि सिटीकडून डेनिस लॉ, जो युनायटेडमध्ये अकरा वर्षं खेळून देव झाला होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना गोलकडे पाठ असताना त्याने टाचेने बॉल आत ढकलला. तो हसला नाही, हात वर केला नाही, लगेच मैदानाबाहेर गेला. खरं तर बर्मिंगहॅम जिंकल्यामुळे युनायटेड तसाही खाली जाणार होता. पण लोक अजूनही लॉच्या टाचेचीच गोष्ट सांगतात. सिटीच्या टेबलातल्या जागेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

आणि चाहत्यांचं काय? मे 2024 मध्ये स्पर्स घरी सिटीशी खेळत होते. जिंकले असते तर चॅम्पियन्स लीगची आशा राहिली असती. पण सिटी हरली तर आर्सेनल विजेता होण्याची शक्यता, म्हणून स्पर्सच्याच स्टँडमधून सिटीच्या नावाने आवाज उठले. स्पर्सचा तेव्हाचा मॅनेजर पोस्टेकोग्लू चिडला, उघडपणे. बाहेरच्या माणसाला हे विकृत वाटेल. मला नाही वाटलं, कारण मी त्या जागी बसलेली आहे.

3 मे 2014. सिटी गुडिसनवर. आम्हाला चौथ्या जागेची धूसर आशा होती, त्यासाठी जिंकायचं होतं. पण आम्ही जिंकलो तर लिव्हरपूल विजेता होण्याच्या आणखी जवळ. बार्कलीने 11व्या मिनिटाला इतका सुंदर गोल केला की मी विचार न करताच उठून उभी राहिले. मग आग्वेरो, झेको, झेको. लुकाकूने एक परत केला, 2-3. चौथी जागा गेली आणि आठवडाभरात सिटी विजेता झाला, लिव्हरपूलपेक्षा दोन पॉइंट वर.

आतेभाऊ दरवर्षी मे महिन्यात विचारतो, "ताई, खरं सांग, झेकोच्या दुसऱ्या गोलला तुला काय वाटलं?" मी सांगते की बार्कलीच्या गोलला मी उभी राहिले होते. तो म्हणतो, "तो पहिला गोल झाला. मी दुसऱ्याबद्दल विचारतोय." मग मी त्याला 24 एप्रिल 2024 ची आठवण करून देते. गुडिसनवर आम्ही त्यांना 2-0 हरवून त्यांच्या विजेतेपदाच्या आशेवर पाणी ओतलं होतं, आणि त्या दिवशी आम्हालाही पॉइंटांची खरोखरच गरज होती. त्यावर तो चहा करायला उठतो.